बनवणं बंद झालेला क्रायोजेनिक टोटलायझर बदलताना

सगळ्यात आधी एक पथ्य पाळा: जुन्या टोटलायझरची, म्हणजे मीटरमधून किती अतिथंड द्रव गेला याची बेरीज ठेवणाऱ्या डब्याची, पॉवर काढू नका. नवा डबा टेबलावर येऊन पडला असेल, शटडाउन दहाच मिनिटांचा असेल, तरीही नाही. वर्षानुवर्षं पॅनेलमध्ये बसलेल्या या टोटलायझरांपैकी बऱ्याच मॉडेलांची सेटिंग्ज बॅटरीवर तगलेल्या मेमरीत असतात, आणि ती बॅटरी कधीच मेलेली असते. पॉवर चालू आहे तोवर हे कुणाच्या लक्षात येत नाही. ब्रेकर खाली करून परत वर केला, की स्क्रीनवर कारखान्यातली मूळ सेटिंग्ज हजर. आजवर कुठल्या के-फॅक्टरवर (एका लिटरला मीटरचे किती पल्स) आणि कुठल्या घनतेवर माल मोजला जात होता, हे मग सांगणारं कुणी उरत नाही.

मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला. द्रवरूप नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आरगॉन यांची टँकरवरची मोजणी आणि भरणा-स्किड (माल भरायच्या पाइप-मीटरचा सांगाडा) हे माझं रोजचं काम. प्लांटवर यांना लिन, लॉक्स आणि लार म्हणतात, मीही तेच म्हणेन. या कामात मीटर टिकतो आणि टोटलायझर आधी जातो. टर्बाइन मीटरचे बेअरिंग बदलता येतात, रोटर बदलता येतो. टोटलायझरमधली एखादी चिप किंवा डिस्प्ले मिळेनासा झाला, की कंपनी एक पत्र काढते आणि मॉडेल संपतं. मग खरेदी विभाग विचारतो, ‘पॅनेलच्या याच कटआउटमध्ये, म्हणजे भोकात, बसणारा दुसरा कुठला?’

कटआउटचं सोडा, ते शेवटी पाहू. आधी जुना डबा गुपचूप काय काय करत होता ते शोधायचं. तो मीटरचा रोटर फिरताना उठणारे विद्युत पल्स मोजतो, त्यांना के-फॅक्टरने भागतो, तापमान वाचतो, तापमानावरून घनता काढतो, लिटरचे किलो किंवा वायूचे घनमीटर करतो, लाइन थंड होईपर्यंत मोजणी अडवून धरतो आणि शेवटी प्रिंटरला पावती छापायला सांगतो. यातलं एखादं काम नव्या डब्यात राहून गेलं तरी आकडा येतोच. नीटनेटका, दशांशासकट येतो, आणि चुकीचा असतो.

जुन्याचा पंचनामा

मेनूतला एकेक पडदा उघडा आणि लिहून काढा. फोटो जरूर काढा, पण फक्त फोटोवर विसंबू नका: जुन्या एलईडी डिस्प्लेचे अंक आळीपाळीने पेटतात, त्यामुळे मोबाइलच्या फोटोत मधलेच अंक गायब होतात. ८७०.६ चा ८ ०.६ झालेला फोटो घेऊन पुढे कुणी बसलं तर त्याला काय कळणार? हाताने लिहिलेला कागद हवाच.

त्या कागदावर के-फॅक्टर आणि त्याचं एकक, कुठला द्रव निवडला आहे, घनता ठरावीक आहे की तापमानानुसार बदलते, वायूचे घनमीटर दाखवत असेल तर ते कुठल्या तापमानाला धरलेले, किती प्रवाहाखाली मोजणी बंद होते, किती तापमानाखाली सुरू होते, बाहेर जाणारा एक पल्स किती लिटरचा किंवा किलोचा, आउटपुटचे २० मिलिअँपिअर म्हणजे द्रवाचा किती प्रवाह, रिले कुठे सुटतो, हे सगळं यायला हवं. शिवाय दोन्ही बेरजा: रीसेट होणारी आणि न होणारी. मागचे टर्मिनल कुठल्या नंबरच्या वायरला आहेत तेही. मागचे डिप स्विच बहुधा डबा बाहेर काढल्याशिवाय दिसत नाहीत, ते सगळ्यात शेवटी.

मेनूला पासवर्ड असेल आणि तो माहीत असलेला माणूस निवृत्त झाला असेल, तर आधी जुन्या मॅन्युअलची पीडीएफ शोधा. मूळ पासवर्ड त्यात पुष्कळदा छापलेला असतो आणि बदलण्याची तसदी कुणी घेतलेली नसते. तेही नसेल तर डबा बाहेरून वाचायचा. मला स्वतःला ही पद्धत इतकी पटली आहे, की सेटिंग्ज मिळालेली असली तरी मी ती करतोच.

पॉवर तशीच ठेवून पिकअपच्या (मीटरवरच्या पल्स देणाऱ्या सेन्सरच्या) दोन वायरी सोडवा आणि तिथे हव्या त्या वारंवारतेचे पल्स देणारा फंक्शन जनरेटर लावा. आरटीडीच्या (तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणाऱ्या प्रोबच्या) जागी डिकेड बॉक्स, म्हणजे हवा तो रेझिस्टन्स लावता येणारी पेटी. आता ५०० हर्ट्झ द्या आणि डिकेड बॉक्सवर २०.२५ ओहम लावा, म्हणजे पीटी-१०० या नेहमीच्या प्लॅटिनम आरटीडीच्या हिशेबाने उणे १९६ अंश. ५०० हर्ट्झ म्हणजे मिनिटाला ३०,००० पल्स. मीटरच्या प्लेटवर के-फॅक्टर २३० पल्स प्रति लिटर असेल, तर हा प्रवाह मिनिटाला १३०.४ लिटर. लिनची घनता उकळबिंदूला लिटरमागे साधारण ०.८०६ किलो. म्हणजे डिस्प्लेवर मिनिटाला १०५ किलोच्या आसपास दिसायला हवेत. दिसले तर के-फॅक्टर आणि घनता दोन्ही जुळले. आता रेझिस्टन्स वाढवून २२.८३ ओहम करा, म्हणजे उणे १९०. आकडा १०१-१०२ वर उतरला, तर डबा तापमानानुसार घनता बदलतो आहे. जागचा हलला नाही, तर आरटीडी नुसता दाखवण्यापुरता आहे आणि घनता ठरावीक आहे. जनरेटरची वारंवारता हळूहळू खाली नेत गेलात, की मोजणी कुठे थांबते तेही कळतं. रेझिस्टन्स वाढवत गेलात, की उबदार लाइन समजून तो मोजणी कुठे अडवतो तेही. अर्ध्या तासात डब्याच्या पोटातलं सगळं बाहेर येतं. हे आकडे तारखेसह लिहून ठेवा. नव्या डब्याला हीच परीक्षा द्यायची आहे.

के-फॅक्टर: एकक आणि थंडी

के-फॅक्टर म्हणजे एका एककाला किती पल्स. एकक कुठलं, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. ८७०.६ पल्स प्रति अमेरिकी गॅलन आणि २३० पल्स प्रति लिटर हा एकच मीटर, कारण अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा. इंपीरियल गॅलन ४.५४६ लिटरचा. काही टोटलायझरांना उलटा आकडा लागतो, एका पल्समागे किती लिटर. तिथे २३० च्या जागी ०.००४३४७८ भरावं लागतं, आणि डब्याला चारच दशांश स्थळं घेता येत असतील तर ०.००४३ भरून तुम्ही एक टक्का तिथल्या तिथे घालवता. असा डबा विकतच घेऊ नका.

याहून मोठी मेख थंडीची. टर्बाइन मीटर बहुधा पाण्यावर, खोलीच्या तापमानाला कॅलिब्रेट झालेला असतो. उणे १९६ ला स्टेनलेस स्टील लांबीत सुमारे ०.३ टक्के आकसतं. मीटरचा बोअर (आतलं भोक) लहान होतो, तेवढ्याच लिटरला द्रव जास्त वेगाने जातो, रोटर जास्त फिरतो. लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून धरलं, तर के-फॅक्टर सुमारे ०.९ टक्क्याने वाढतो. प्रश्न असा, की ही दुरुस्ती तुमच्या यंत्रणेत कुठे बसली आहे? कधी मीटर बनवणाऱ्यानेच कॅलिब्रेशनच्या पत्रकात क्रायोजेनिक के-फॅक्टर दिलेला असतो. कधी पत्रकात पाण्याचा असतो आणि टोटलायझर आतल्या आत दुरुस्ती करतो. जुना आतून दुरुस्ती करणारा आणि नवा साधा असेल, तर नव्यात दुरुस्त केलेला आकडा भरायला हवा, नाहीतर रोज ०.९ टक्के जास्त माल दिसेल. उलट बाजूने दोनदा दुरुस्ती झाली तर तेवढाच कमी. वर सांगितलेल्या जनरेटरच्या परीक्षेत हे उघडं पडतं: पत्रकातला के-फॅक्टर आणि डब्याने प्रत्यक्ष वापरलेला के-फॅक्टर यांत ०.९ टक्क्याचा फरक निघाला, तर दुरुस्ती आत आहे.

नव्या डब्यात दहा किंवा वीस बिंदूंचं लिनिअरायझेशन टेबल (वेगवेगळ्या प्रवाहाला वेगळा के-फॅक्टर भरायचं) असतं, आणि ते रिकामं पाहून लोकांचे हात शिवशिवतात. पाण्यावरच्या पत्रकातले बिंदू उचलून त्यात भरू नका. लिनची स्निग्धता पाण्याच्या कितीतरी कमी, त्यामुळे खालच्या प्रवाहाला रोटर पाण्यात जसा वागतो तसा लिनमध्ये वागत नाही. थंड द्रवावरचं कॅलिब्रेशन हातात असेल तरच टेबल, नाहीतर एकच सरासरी के-फॅक्टर.

सिग्नल

मॅग्नेटिक पिकअप म्हणजे चुंबक आणि कॉइल. रोटरची पाती समोरून गेली की साइन वेव्ह उठते, आणि तिची उंची वेगावर ठरते. जोराच्या प्रवाहाला व्होल्टभर मिळेल, अगदी मंद प्रवाहाला वीस-तीस मिलिव्होल्टवर समाधान मानावं लागतं. जुन्या टोटलायझरात त्यासाठी खास प्रिअँप, म्हणजे सिग्नल मोठा करणारं सर्किट, होता. आजचे सर्वसाधारण काउंटर २४ व्होल्टच्या चौकोनी पल्सची अपेक्षा धरतात, ते या साइन वेव्हकडे ढुंकूनही पाहत नाहीत. म्हणून ऑर्डर देण्याआधी ऑसिलोस्कोप लावून सगळ्यात कमी प्रवाहाला किती मिलिव्होल्ट येतात ते बघा, आणि नव्याची इनपुट सेन्सिटिव्हिटी त्याच्या निम्म्याहून खाली हवी असा आग्रह धरा. नसेल तर मीटरच्या डोक्यावरच प्रिअँप बसवा. लांब केबल असेल तर मी तसाही तोच मार्ग धरतो.

एका पुरवठादाराने ‘जसाच्या तसा बसेल’ असं लेखी देऊन पाठवलेला टोटलायझर मला आठवतो. कमी प्रवाहाला बरोबर मोजायचा. व्हॉल्व्ह उघडत गेलं की आकडा एका जागी अडकायचा, वर जायचाच नाही. २३० के-फॅक्टरच्या मीटरमधून मिनिटाला २०० लिटर जात असतील, तर वारंवारता ७६७ हर्ट्झ होते. त्या डब्याचं इनपुट रीड स्विचसाठी (चुंबकाने मिटणाऱ्या स्विचसाठी) बनवलेलं होतं, संपर्काची थरथर गाळायला त्यात फिल्टर होता, आणि तो चाळीसेक हर्ट्झच्या वरचं सगळं गाळून टाकत होता. माहितीपत्रकात कमाल वारंवारता ‘१० किलोहर्ट्झ’ छापलेली होती. ती दुसऱ्या टर्मिनलची होती.

सिग्नल केबलची शील्ड (भोवतालचं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थ करा, टोटलायझरच्या बाजूला. मग मीटरच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप चालू करा आणि डिस्प्लेकडे पाहत राहा. शून्यावरून हलला तर किती दाखवतो ते बघा. मेन्सचा ५० हर्ट्झ शिरला असेल, तर मिनिटाला ३,००० भुताटकीचे पल्स येतात, भागिले २३० म्हणजे १३ लिटर. मेन्स ६० हर्ट्झची असेल तर १५.७. तुमच्या के-फॅक्टरवरून हा आकडा आधीच काढून ठेवा. बंद व्हॉल्व्हवर नेमका तोच दिसला, तर मीटरवर संशय न घेता केबलचा मार्ग आणि अर्थिंग तपासा. मोटरच्या ड्राइव्हच्या पॉवर केबलशेजारून सिग्नल केबल नेलेली असणं हे नेहमीचं कारण. लो-फ्लो कटऑफ (ज्या प्रवाहाखाली मोजणी बंद होते ती मर्यादा) वाढवून हा आकडा झाकणारे महाभाग असतात. प्रवाह चालू झाला की तोच गोंगाट खऱ्या पल्समध्ये घुसतो, हे ते विसरतात.

द्रव ज्वलनशील असेल, एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) किंवा हायड्रोजन, तर पिकअप आणि टोटलायझर यांच्यामध्ये बॅरिअर असतो, ठिणगी पडण्याइतकी वीज तिकडे जाऊ न देणारा. झेनर बॅरिअरचा रेझिस्टन्स त्या बिचाऱ्या वीस मिलिव्होल्टमधूनही वाटा घेतो. सेन्सिटिव्हिटीचं माप बॅरिअरच्या पलीकडे घ्या, आणि नव्या डब्याचे आकडे बॅरिअरच्या आकड्यांशी जुळतात का हे त्या भागाची कागदपत्रं पाहणाऱ्याकडून तपासून घ्या.

तापमान आणि घनता

पैसे किलोवर मोजले जात असतील, तर खरी गडबड इथे होते. लिनची घनता एका केल्विनला साधारण ०.६ टक्के बदलते, लॉक्स आणि लारची ०.४ च्या थोडी वर. ऐकायला किरकोळ वाटतं. आता हे बघा: वातावरणाच्या दाबाला उकळणाऱ्या लिनची घनता घनमीटरला ८०६ किलो. तेच लिन टाकीत ४ बार निरपेक्ष दाबावर बरेच दिवस मुरून संतृप्त झालं, म्हणजे त्या दाबाच्या उकळबिंदूला पोचलं, तर तापमान ९१ केल्विनच्या आसपास आणि घनता ७४० च्या आसपास. आठ टक्क्यांचा फरक. ठरावीक घनतेचा टोटलायझर हे दोन्ही माल एकाच भावाने मोजेल. जुन्यात तापमानाची भरपाई होती आणि नव्यात नाही, असं झालं तर पहिल्या महिन्यात तक्रार येणार, आणि ती कोणाकडून येणार हे टाकीच्या दाबावर ठरणार.

आरटीडीची जोडणी तपासा. उणे १९६ ला पीटी-१०० चा रेझिस्टन्स जेमतेम २० ओहम उरतो आणि एका केल्विनला ०.४३ ओहम बदलतो. दोन वायरींची जोडणी असेल आणि वायरींचाच रेझिस्टन्स १ ओहम भरला, तर टोटलायझरला द्रव २.३ केल्विनने उबदार वाटतो, घनता १.४ टक्के कमी धरली जाते आणि तेवढा माल पावतीवर कमी पडतो. जुन्या डब्यात कुणीतरी ऑफसेट घालून हे सांभाळलेलं असू शकतं. त्यासाठीच तो पंचनामा. नवीन जोडणी तीन किंवा चार वायरींचीच करा.

शिवाय नव्या डब्याचं आरटीडी इनपुट खरंच उणे २०० पर्यंत जातं का ते पाहा. पुष्कळांची धाव उणे ५० किंवा उणे १०० पर्यंतच, आणि त्याखाली काही डबे चूक न दाखवता शेवटचाच आकडा धरून बसतात. जुना प्रोब कुठल्या वक्राचा आहे हेही बघा. आज सगळीकडे ०.००३८५ चा (अंशामागे रेझिस्टन्स किती वाढतो त्याचा गुणांक) प्लॅटिनम चालतो, पण जुन्या अमेरिकी आणि जपानी यंत्रणांत ०.००३९२ च्या जवळचा सापडतो. उणे २०० च्या परिसरात या दोघांत तीनेक केल्विनचा फरक पडतो. शंका आली तर प्रोब लिनच्या उघड्या थर्मासमध्ये बुडवा. हातमोजे, चेहऱ्यावर ढाल आणि वाहती हवा हवीच. प्रोबचा रेझिस्टन्स २०.३ च्या आसपास आला तर पहिला वक्र, १९ च्या आसपास आला तर दुसरा.

वायूच्या घनमीटरमध्ये मोजत असाल, तर संदर्भ तापमान विचारा. एक लिटर लिनपासून शून्य अंशाला सुमारे ६४५ लिटर वायू होतो, १५ अंशाला सुमारे ६८०. दोघांनाही लोक ‘घनमीटर’च म्हणतात. मध्ये साडेपाच टक्के.

आतापर्यंतचे लहानसहान फरक एकत्र करून पाहा: के-फॅक्टरचे ०.९ आणि आरटीडीचे १.४ एकाच बाजूला गेले, की २.३ टक्के. क्रायोजेनिक द्रवांच्या मापनासाठी अमेरिकेच्या वजनमापांच्या हँडबुक ४४ मध्ये ३.३४ हा खास विभाग आहे, त्यात चालू यंत्रणेला २.५ टक्क्यांची मुभा आहे आणि नव्याने तपासणीला आलेल्या यंत्रणेला १.५ ची. ओआयएमएल या कायदेशीर मापनाच्या संघटनेची आर ८१ ही आंतरराष्ट्रीय शिफारसही याच विषयावरची. म्हणजे मीटरमध्ये काही दोष नसताना, फक्त डबा बदलण्याच्या घाईत, तुम्ही नव्या यंत्रणेची मर्यादा ओलांडून बसता. माल विकण्यासाठी मोजत असाल, तर टोटलायझर बदलणं म्हणजे मोजयंत्रच बदलणं. मान्यता असलेलंच मॉडेल घ्यायचं, आणि फेरपडताळणी व सील झाल्याशिवाय पावती फाडायची नाही.

लाइन थंड होईपर्यंत

होज जोडला, व्हॉल्व्ह उघडला, की पहिली काही मिनिटं मीटरमधून वायूच धावतो, मग वायू आणि द्रव मिसळून. रोटर त्यावर भन्नाट फिरतो आणि टोटलायझर ते द्रव समजून मोजतो. खास क्रायोजेनिक टोटलायझर तापमान एका मर्यादेखाली उतरल्याशिवाय मोजणी सुरू करत नाही. सर्वसाधारण डब्यात ही समज नसते. निदान इनहिबिट (मोजणी अडवणारं) इनपुट तरी असायला हवं: आरटीडीवर एक वेगळा तापमान-रिले ठेवून त्याचा संपर्क तिथे द्यायचा. मर्यादा किती, तर त्या दाबाला द्रव ज्या तापमानाला उकळतो त्याच्या थोडी खालीच. फार वर ठेवली तर मिश्रण मोजलं जातं, फार खाली ठेवली तर उबदार टाकीतला चांगला द्रवही मोजला जात नाही आणि माल फुकट जातो.

वायूवर रोटर बेफाम फिरू देणं हे बेअरिंगचं मरण आहे. टोटलायझर बदलायच्या निमित्ताने ऑपरेटरला व्हॉल्व्ह हळू उघडायची पुन्हा एकदा आठवण करून द्या.

कुठला घ्यायचा

त्याच कंपनीचं उत्तराधिकारी मॉडेल असेल तर तेच घ्या, पण वरची परीक्षा चुकवू नका. उत्तराधिकाऱ्याचा मेनू वेगळा असतो, घनतेची टेबलंही कधीकधी सुधारलेली असतात. नसेल तर क्रायोजेनिक द्रवांची टेबलं आत असलेला फ्लो कॉम्प्युटर. नुसत्या लिटरमध्ये, प्लांटच्या आतल्या हिशेबासाठी मोजायचं असेल, तर साधा पल्स टोटलायझर पुरतो.

वापरलेला जुना डबा शोधून बसवण्याचा मोह आवरा. त्याच्याही बॅटरीचं आणि कपॅसिटरचं वय तेवढंच असतं.

‘पीएलसीतच (प्लांटच्या प्रोग्राम करता येणाऱ्या कंट्रोलरमध्येच) करून टाकू’ हा प्रस्ताव प्रत्येक वेळी येतो. करता येतं, मीही केलं आहे, पण मला ते विक्रीच्या मोजणीला आवडत नाही. प्रोग्राम कुणीही उघडून बदलू शकतो आणि सील कशाला लावणार? करायचंच असेल तर पल्स हाय-स्पीड काउंटरवर घ्या, साध्या इनपुटवर नको. आणि बेरीज ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांशाच्या आकड्यांच्या प्रकारात) ठेवू नका. त्या प्रकाराला १,६७,७७,२१६ च्या पुढे एक-एक मिळवता येत नाही. त्या आकड्याला पोचल्यावर तुम्ही एक लिटर मिळवता, आणि बेरीज आहे तिथेच राहते. प्रवाह चालू, टोटल गोठलेला, आणि कुठेही अलार्म नाही. दर स्कॅनला लिटरचा अंश मिळवत असाल, तर हा रोग त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. कच्चे पल्स पूर्णांकात मोजा, भागाकार दाखवताना करा.

मॉडबस या डेटा-लाइनवरून टोटल वाचणारी जुनी यंत्रणा असेल, तर दोन रजिस्टरांचा क्रम उलटा निघण्याची तयारी ठेवा. पावतीच्या प्रिंटरला आरएस-२३२ या सिरीयल लाइनवरून जाणारा मजकूर जुन्याच साच्यात यायला हवा, नाहीतर हिशेबाची सिस्टिम तो वाचणार नाही. टँकरवर बसवायचा असेल तर इंजिन सुरू होतानाचा व्होल्टेजचा गचका झेलणारा आयसोलेटेड सप्लाय द्या. आणि हो, कटआउट: ९६ बाय ४८ च्या डब्याला ९२ बाय ४५ चं भोक लागतं. जुनं भोक मोठं असेल तर एक पट्टी कापून चार स्क्रूंनी बसवा. झालं.

बसवणं आणि पारखणं

काम वायरिंगचंच आहे, म्हणून मीटर उघडायची गरज नाही. बहुतेक मीटरांत पिकअप कोरड्या खाचेत बसतो, द्रवाला लागत नाही, तो काढतानाही लाइन तशीच राहू शकते. तरी बदल करायच्या आधी लाइन रिकामी करून दाब उतरवलेला बरा, आणि दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये द्रव अडकलेला नाही याची खात्री करा. लॉक्सच्या स्किडवर तेलकट हात, तेलकट पाना आणि ऑक्सिजनच्या धुक्यात उभं राहिलेले कपडे, तिन्ही वर्ज्य. बंद खोलीत लिन असेल तर ऑक्सिजन मॉनिटर अंगावर हवा आणि १९.५ टक्क्यांखाली गेला की बाहेर पडायचं.

पहिली पारख टेबलावर: जनरेटरने मोजून २३,००० पल्स द्या, डिस्प्लेवर १०० लिटर दिसले पाहिजेत. एक पल्सही इकडेतिकडे खपवून घेऊ नका, ही नुसती मोजणी आहे. मग डिकेड बॉक्सवर तेच रेझिस्टन्स लावा जे जुन्याला लावले होते, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. ०.१ टक्क्याहून जास्त फरक आला तर कारण सापडेपर्यंत डबा पॅनेलमध्ये जाणार नाही.

जुना अजून जिवंत असेल तर काही भरण्या दोन्ही एकत्र चालवा. एकाच कॉइलवर दोन टोटलायझर थेट लटकवू नका. दोघांच्या इनपुटचा भार पडून सिग्नल खाली बसतो आणि मंद प्रवाहाला दोघेही कमी मोजतात. मग फरक शून्य दिसतो आणि तुम्ही खूश होता. प्रिअँपचा चौकोनी पल्स दोघांना वाटून द्या. जुन्याला चौकोनी पल्स चालत नसेल, तर आयसोलेटर घाला.

शेवटी वजनकाटा. काट्याचा सगळ्यात लहान भाग २० किलोचा असेल तर आकडा गोल होऊन प्रत्येक वजनात १० किलोपर्यंत चूक, दोन वजनांत मिळून २०. ५०० किलो भरून तपासलंत तर काटाच ४ टक्के खातो, टोटलायझरबद्दल काहीच कळत नाही. ५,००० किलो भरलेत तर ०.४ टक्के, ते चालतं. दोन्ही वेळा ड्रायव्हर केबिनच्या बाहेर, होज आणि स्टेपनी तेच, मध्ये डिझेल भरायचं नाही. टँकरवर साचलेलं बर्फ झटकून टाका. व्हेंटमधून किंवा वायू-परतीच्या लाइनमधून किती गेलं त्याचा अंदाज लिहा. मीटरने मोजलेला आणि टाकीत पोचलेला माल यांतला फरक पुष्कळदा तिथेच असतो, आणि त्यापायी नव्या टोटलायझरच्या के-फॅक्टरशी खेळणं सुरू होतं. एका वजनावरून के-फॅक्टर कधीच बदलू नका. निदान तीन भरण्या एकाच बाजूला आणि जवळपास सारख्या चुकत असतील, तरच.

सगळं जुळलं की सील लावायच्या आधी सेटिंग्जचा छापील कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा: के-फॅक्टर एककासह, तो पाण्याचा की थंड द्रवाचा, संदर्भ तापमान, आरटीडीचा वक्र, मोजणी अडवण्याची मर्यादा. नव्याची बेरीज शून्यापासून सुरू करा. जुन्याचा अखेरचा आकडा त्यात भरून सलग दाखवायचा आग्रह हिशेब विभाग धरेल, तो मानू नका. लॉगबुकात जुन्याचा शेवटचा आणि नव्याचा पहिला आकडा एकाच ओळीत, तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्यांसह लिहा, ऑडिटला तेवढं पुरतं. जुना डबा मात्र वर्षाचा साठा-हिशेब जुळेपर्यंत भंगारात जाऊ देऊ नका.